गाणं फोनवर सापडलं, आबांचं नाव मात्र नाही

निशिगंध

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आज लिहायलाच बसले आहे. थोडं लांबेल.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला, त्यानंतर गिरणी काही धड सुरू झाली नाही आणि घरात खाणारी पाच तोंडं. भजनी मंडळासाठी, गणपतीतल्या कार्यक्रमांसाठी आबा आधीपासून गाणी लिहायचे. तेव्हा कॅसेटचा जोर होता. तबकडीपेक्षा कॅसेट कितीतरी स्वस्तात निघायची, त्यामुळे मुंबईत छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. देवीची गाणी, कोळीगीतं, भीमगीतं, हळदीची गाणी, सगळ्याला गिऱ्हाईक होतं. आबांनी १९८४ ते १९९३ या काळात चौदा गाणी दिली. गाण्यामागे दीडशे रुपये रोख आणि कॅसेट निघाली की पाच नग. एका छापील कागदावर सही. त्या कागदाची प्रत आम्ही मागितली नाही, त्यांनी दिली नाही.

पण कॅसेटच्या डबीत घडी घातलेलं कार्ड असायचं आणि त्यावर बारीक अक्षरात का होईना, ‘गीत’ या शब्दापुढे आबांचं नाव असायचं. आईने ती सगळी कार्डं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली आहेत.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची हळद होती. अंगणात स्पीकर लावलेला, मुलं फोनवरून गाणी लावत होती. मध्येच आबांचं गाणं लागलं. कुणाला ठाऊकही नव्हतं ते त्यांचं आहे. बायका उठून नाचायला लागल्या. आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, खुर्चीत बसून गुडघ्यावर ताल धरत होते. गाणं संपल्यावर त्यांनी नातवाला विचारलं, “गीतकार म्हणून काय लिहिलंय रे त्यात?” तो शोधत बसला. वर गाण्याचं नाव रोमन अक्षरांत आणि तेही चुकलेलं. त्याखाली ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’. त्याखाली एका कंपनीचं नाव, जी कंपनी आबांनी आयुष्यात कधी ऐकलेली नाही. संपलं. आबा म्हणाले, “असू दे, गाणं आहे ना.” पण रात्री जेवले नाहीत नीट.

ज्या कंपनीसाठी लिहिलं ती केव्हाच बंद पडली. तिच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क कुणी कुणाला विकले, हे आम्हाला कळायचा मार्ग नाही. गाणं मात्र लाखो वेळा ऐकलं गेलंय.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नावं गेली कुठे? आणि ती परत आणता येतात का? पैशाचं नंतर बघू. नाव आधी.

रानजाई

निशिगंध, वाचून गलबलून आलं. माझे काका ढोलकी वाजवायचे, त्यांचंही नाव कुठेच नाही. धागा वर ठेवा कुणीतरी.

बिट_आणि_बंदिश

पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तर माझ्याकडे आहे, कारण ते काम मी केलंय.

२००८-०९ मध्ये मी एका ठिकाणी जुन्या कॅसेटचा कॅटलॉग संगणकात भरायच्या नोकरीत होतो. एक जण कॅसेट वाजवून आवाज संगणकात घ्यायचा, मी तक्ता भरायचो. रकाने होते: गाणं, कलाकार, अल्बम, कंपनी, वर्ष. गीतकार आणि संगीतकार असे रकानेच नव्हते. दिवसाला ठरावीक कॅसेट संपवायच्या. चार वेगवेगळे गायक असले की ‘व्हेरियस’ लिहून पुढे जायचं, असं सांगितलेलं होतं आणि मी तसंच लिहिलं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तुमची पोस्ट वाचून मात्र डोळ्यांसमोर ती कार्डं आली. आम्ही ती वाचायचो, वर्ष टिपायचो आणि गठ्ठा बांधून ठेवून द्यायचो.

हे रकाने असे का, याला जुनं कारण आहे. १९९६ मध्ये एमपी३ फाइलच्या शेवटी माहिती चिकटवायची एक पद्धत निघाली, तिला आयडी३ म्हणतात. पहिल्या आवृत्तीत सगळ्या माहितीला मिळून जागा होती १२८ बाइट. एक बाइट म्हणजे साधारण एक रोमन अक्षर. त्यातले तीन ‘टॅग’ या खुणेला. गाण्याचं नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि संगीतप्रकारासाठी १. हिशोब करून बघा, १२८ पुरे. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी एक बाइटही ठेवलेला नाही. संगीतप्रकारांची जी यादी होती तिच्यात पोल्का हा युरोपी नाच होता; भावगीत, अभंग, लावणी यातलं काहीच नव्हतं. दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती आली, तिच्यात संगीतकार आणि गीतकार दोघांसाठी वेगळ्या जागा केल्या होत्या. पण तोवर ‘गाणं आणि कलाकार’ एवढीच जोडी सगळीकडे रुळली होती. गाणी वाजवायची सॉफ्टवेअरं तशी, मोबाइल तसे, तक्ते तसे.

पाश्चात्य पॉपमध्ये पुष्कळदा गाणाराच लिहितो, तोच चाल लावतो. त्यांचं एका नावावर भागतं. आपल्याकडे कवी वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा वेगळा. त्या एका रकान्यात आपला गाणाराच मावला.

मध्यमलहरी

मी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक म्हणून काम केलं. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट म्हणजे गाण्याआधी किंवा गाण्यानंतर तीन नावं. गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक. घाई असली, बातम्यांना दहा सेकंद उरली असली तरी नावं सोडायची नाहीत. तबकडीवर नाव नसलं तर ग्रंथालयात जाऊन नोंदवही काढायची. श्रोत्यांची पत्रं यायची, “काल आपण संगीतकाराचं नाव चुकीचं सांगितलंत.” सांगलीचे एक गृहस्थ वर्षाकाठी अशी चार-पाच पत्रं तरी पाठवत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असे.

‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या माणसाला ग. दि. माडगूळकर, शान्ता शेळके, सुधीर मोघे ही नावं गायकांइतकीच पाठ असतात ती यामुळे. गावातला माणूस, ज्याने कवितेचं पुस्तक कधी हातात धरलं नाही, तोही सांगायचा की हे पी. सावळारामांचं. कवीचं नाव कानावर पडत राहायचं, म्हणून ते घरचं झालं. माझ्या नातीला पन्नासेक मराठी गाणी तोंडपाठ आहेत. एकाही गाण्याचा कवी तिला सांगता येत नाही. तिची चूक नाही यात, तिला कुणी ते नाव ऐकवलेलंच नाही.

निशिगंधताई, ती कार्डं उन्हात ठेवू नका. जुन्या छपाईची शाई उडते. आजच फोटो काढून ठेवा.

खर्ज

फार महत्त्वाचा विषय. मी शास्त्रीय गाते आणि शिकवते, त्या बाजूने थोडं.

१९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं. त्या काळच्या तबकड्यांत गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. दिमाख म्हणून नव्हे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून. म्हणजे नाव हरवेल ही भीती पहिल्या दिवसापासून होती आणि त्यावर उपायही केला होता. नाव आवाजातच कोरून टाकायचं!

आता अभंगांचं बघा. शब्द तुकोबांचे, नामदेवांचे, त्यामुळे ऐकायच्या अ‍ॅपवर सरसकट ‘पारंपरिक’ लिहिलेलं सापडतं. पण भीमसेनजींनी गायलेल्या कितीतरी अभंगांच्या चाली राम फाटकांच्या आहेत, श्रीनिवास खळ्यांच्या आहेत. त्या कुठल्या दिंडीतून आपोआप आलेल्या नाहीत. एका माणसाने पेटीवर बसून, शब्द पुन्हा पुन्हा म्हणून त्या शोधल्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली मला सांगतात, “बाई, हे पारंपरिक आहे, यूट्यूबवर लिहिलंय.” दर वेळी सांगावं लागतं.

आणि याची उलटी बाजूही आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम मी यूट्यूबवर टाकला. विद्यार्थिनीने भीमपलासमधली जुनी बंदिश म्हटली होती. साथीला पेटी, तबला, तंबोरा. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा दावा आला की हे ध्वनिमुद्रण आमचं आहे. यंत्राने आवाजाचा ठसा जुळवला आणि त्याला तंबोरा व पेटी ओळखीची वाटली असणार. मी हरकत घेतली, महिन्याभराने दावा सुटला. पण बहुतेक लोक हरकत घेतच नाहीत. यूट्यूबनेच आकडे जाहीर केले होते: २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत असे ७२ कोटींहून जास्त दावे, हरकत त्यातल्या एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर, आणि ज्यांनी हरकत घेतली त्यातले सुमारे ६० टक्के जिंकले.

म्हणजे जिथे मालक नाही तिथे यंत्र मालक शोधून देतं आणि जिथे कर्ता आहे तिथे ‘पारंपरिक’. हे मला मुळीच सहन होत नाही.

सासष्टीकर

गोव्याहून लिहितोय. वादकांचं आणि गाण्याचा वाद्यमेळ रचणाऱ्या अरेंजरचं दुखणं कॅसेटच्याही आधीचं आहे हे नोंदवायला हवं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात आमच्याकडची कितीतरी माणसं होती: अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. स्वरलिपी लिहिणं-वाचणं गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून शिकून आलेली. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतला तो व्हायोलिनचा भरणा सेबॅस्टियनसाहेबांच्या हातचा. तबकडीवर नाव संगीतकाराचं.

तेव्हा रकाना नव्हता म्हणायला सबब होती, कारण तबकडीच्या मधल्या कागदावर जागाच वितीएवढी. आज पडद्याला जागेचा तोटा नाही. चाळीस वादकांची नावं दिली तरी काही फुटत नाही. तरी देत नाहीत, म्हणून जास्त लागतं.

लय_नाशिक

सगळ्यांचं वाचलं. दुःख खरं आहे, पण दुसरी बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

मी नाशिकला राहतो, स्वतः गाणी लिहितो, चाली लावतो, घरातल्या एका खोलीत ध्वनिमुद्रण करतो. भिंतींना जुन्या गोधड्या लावल्यात. माइक, ऑडिओ इंटरफेस आणि एक लॅपटॉप. वीस वर्षांपूर्वी हेच करायला मुंबईत स्टुडिओ तासावर घ्यावा लागला असता, आणि आधी कुणा कंपनीवाल्याला गाणं ऐकवायला दारात उभं राहावं लागलं असतं. निशिगंधताईंच्या आबांना दीडशे रुपये देणारा तो दारावरचा माणूस होता ना, तो माझ्या आयुष्यात नाहीच. वितरक सेवेची वर्षाची वर्गणी भरली की गाणं सगळ्या अ‍ॅपवर. माझं गाणं बार्शीत ऐकतात आणि बहरीनमध्येही. माझ्या गाण्याखाली गीतकार, संगीतकार, बासरी, मिक्सिंग, सगळी नावं आहेत, कारण अर्ज मी स्वतः भरतो. रकाने आज आहेत. भरणाऱ्याला कळकळ हवी.

पैशाचं विचाराल तर कठीण आहे. लोकांना वाटतं आपण महिन्याला वर्गणी भरतो आणि ऐकतो त्या कलाकाराला ते पैसे जातात. तसं होत नाही. बहुतेक ठिकाणी सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातीचे पैसे एका हौदात पडतात, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा तितकं त्याला. तुम्ही महिनाभर फक्त अभंग ऐकलेत तरी तुमचे बहुतेक पैसे त्या महिन्याच्या सर्वांत गाजलेल्या हिंदी-पंजाबी गाण्यांकडे जाणार. साउंडक्लाउड या संगीतसेवेने २०२१ मध्ये छोट्या कलाकारांसाठी ‘ज्याने ऐकलं त्याचे पैसे, ज्याला ऐकलं त्यालाच’ असा प्रयोग सुरू केला, तो मला न्याय्य वाटतो. मोठ्यांनी मात्र ती वाट धरली नाही. उलट २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. हजार ऐकायला लहान आकडा वाटतो. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या भजनी मंडळाला विचारा.

आणि त्याचा परिणाम गाण्यावर होतो. ३० सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. माझ्या एका गाण्याला सुरुवातीला अठ्ठावीस सेकंदांचा संवादिनीचा तुकडा होता. मित्राने ऐकून सांगितलं, लोक तोपर्यंत थांबणार नाहीत. मी तो सहा सेकंदांवर आणला. गाणं चाललं. तो तुकडा माझ्याकडे फाइलमध्ये तसाच आहे, कधीतरी मैफलीत वाजवतो.

खर्ज

@लय_नाशिक, तुमचा तो अठ्ठावीस सेकंदांचा तुकडा ऐकायला आवडेल. इथे दुवा द्या. ७८ आरपीएमच्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी अख्खा राग उभा केला. यंत्राच्या मापात गाणं बसवणं आपल्याला नवं नाही. पण त्या मापात सगळ्यांना सारखी साडेतीन मिनिटं होती. इथे ऐकणाऱ्याचा अंगठा सतत पुढच्या गाण्यावर.

निशिगंध

लय_नाशिक, तुमच्या मेहनतीचं खरंच कौतुक वाटलं आणि दारावरच्या माणसाबद्दलचं पटलंही. पण एक सांगू का. तुम्ही स्वतःचा अर्ज स्वतः भरू शकता. आबांचा अर्ज ज्याने भरला त्याला आबा जिवंत आहेत हेही माहीत नाही. १९८४ च्या माणसाला त्या खोलीत कुणी बोलावलंच नव्हतं. त्यामुळे कळकळीवर सोडून चालणार नाही, काही नियम हवा.

फोटो काढायला घेतलेत. मध्यमलहरी काका, आभार.

कलम५७

वकिली करतो, या विषयात थोडं काम केलं आहे. प्रकरण बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही, तरी काही गोष्टी सर्वांना माहीत असाव्यात.

माझ्या आयडीतच उत्तर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७: हक्क विकला तरी ‘ही कृती माझी आहे’ असं म्हणण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. कागदावर सही केली म्हणून तो जात नाही. लेखकाच्या पश्चात वारसांनाही तो बजावता येतो. तेव्हा नाव मागणं ही विनंती नाही, हक्क आहे. पत्र लिहिताना त्याच सुरात लिहा.

आता दुसरी बाजू. त्याच कायद्यात कलम ५२अ आहे. बाजारात आणलेल्या ध्वनिमुद्रणावर काय छापलंच पाहिजे ते त्यात सांगितलंय: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कमालकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष. गीतकार आणि संगीतकार यांचं नाव त्या यादीत नाही. निशिगंध म्हणतात तो ‘नियम हवा’ नेमका इथे हवा आहे. एवढी एक ओळ वाढली तरी चित्र बदलेल, असं माझं ठाम मत आहे.

पैशाबद्दल. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्याने चित्रपटातल्या गाण्यांच्या बाबतीत निर्मात्याची बाजू भक्कम झाली, आणि पुढची पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकारांच्या हाती फारसं काही राहिलं नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ते बदललं. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी किती पोटतिडकीने बोलले ते अनेकांना आठवत असेल. आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं की मिळणाऱ्या मोबदल्यातला, समान वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. शिवाय करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते माध्यम करारात धरायचं नाही, अशीही तरतूद आली. १९८४ च्या कागदात स्ट्रीमिंग असणं शक्य नाही. मात्र २०१२ च्या आधीच्या करारांना हे किती लागू पडतं यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतात, म्हणून आजच मोठ्या आशा बांधू नका. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, पण हा नियम १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि त्याआधीच्या करारांना तो लागू नाही. तरी कागदात नेमकं काय लिहून दिलंय ते बघायला हवं. तो कागद मिळवायचा प्रयत्न करा.

व्यवहारात पहिलं पाऊल म्हणजे आयपीआरएसचं सभासदत्व. १९६९ पासूनची अशीच संस्था आहे, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची. गैरफिल्मी गाणी चालतात. लेखक हयात नसेल तर वारस अर्ज करू शकतात. प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते. गायकांची वेगळी संस्था २०१३ मध्ये उभी राहिली, तिच्यात आता वादकांनाही घेतात. रानजाई, तुमच्या काकांसाठी तिथे चौकशी करा.

संरक्षणाची मुदत: शब्द आणि चाल यांना लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर वारसांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांच्या कविता केव्हाच सर्वांच्या झाल्या. पण तांब्यांच्या कवितेखाली तांब्यांचं नाव लिहायला मुदत कशाला लागते?

बिट_आणि_बंदिश

नोंद करताना एक गोंधळ होतो, तो आधीच सांगतो. ध्वनिमुद्रणाला एक क्रमांक असतो, आयएसआरसी, बारा अक्षर-अंकांचा. तो त्या ठरावीक मुद्रणाचा. आणि रचनेला, म्हणजे शब्द आणि चालीला, वेगळा क्रमांक, आयएसडब्ल्यूसी. तेच गाणं पाच जणांनी गायलं तर आयएसआरसी पाच, आयएसडब्ल्यूसी एकच. आबांचा संबंध दुसऱ्याशी. जोवर या दोन क्रमांकांची गाठ कुठेतरी मारली जात नाही, तोवर गाणं वाजलं तरी पैसा आबांच्या नावापर्यंत पोचत नाही. जुन्या कॅसेटच्या बाबतीत पहिला क्रमांक असतो, दुसरा बहुतेकदा काढलेलाच नसतो.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतला एक आकडा देतो, म्हणजे नाव आणि पैसा यांचा संबंध लक्षात येईल. इथे २०१८ च्या कायद्याने गीतकार-संगीतकारांच्या स्ट्रीमिंग रॉयल्टीच्या एका भागासाठी एमएलसी नावाची एकच संस्था नेमली, तिचं काम जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालं. पुढच्याच महिन्यात स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे ४२.४ कोटी डॉलर जमा केले. कशाचे? गाणी वाजली होती, पैसे जमले होते, पण कुणाला द्यायचे ते जुळत नव्हतं म्हणून पडून राहिलेले. म्हणजे निव्वळ नाव-पत्त्यावाचून!

आमच्या इथल्या गणेशोत्सवात मराठी गाणी तासन् तास वाजतात. यंदा मी कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक गाण्याचा कवी आणि संगीतकार लिहायचं ठरवलं. पस्तीस गाण्यांपैकी अकरांची नावं स्ट्रीमिंगवर कुठेच मिळाली नाहीत. शेवटी ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर बरीचशी सापडली. मराठी माणसांनी प्रेमाने हाताने भरलेली माहिती कंपन्यांच्या कॅटलॉगपेक्षा बरीच पुढे आहे.

मध्यमलहरी

निशिगंधताई, नोंद करताना नावाचं रोमन लेखन एकच ठरवा आणि ते कधीही बदलू नका. मी सहज म्हणून सुधीर फडके शोधून पाहिले. फडके पी-एच ने आणि एफ ने, सुधीर एका आयने आणि दोन ईने. यंत्राच्या लेखी ही वेगवेगळी माणसं होऊ शकतात. बाबूजींसारख्यांची ओळख लोक सावरून घेतात. आबांची कोण सावरणार?

देवनागरीत लिहिलेलं नाव सगळीकडे चालायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या लिपीत अशी चार-चार रूपं होत नाहीत.

रानजाई

आणि आता यंत्रच गाणी करायला लागलंय. अरिजित सिंगला २०२४ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. अंतरिम आदेश त्याच्या बाजूने मिळाला. ज्यांची नावंच कुठे नोंदलेली नाहीत त्यांची गाणी, त्यांचे ठेके या यंत्रांना खाऊ घातले तर विचारायला जाणार कोण? काकांचा ढोलकीचा हात मी डोळे मिटून ओळखते. पण कोर्टात ते कसं सांगू?

लय_नाशिक

रानजाई, काकांचं वाजवणं आत्ता ध्वनिमुद्रित करा. नाव, तारीख, गाव सांगून सुरुवात करायची, खर्जताईंनी सांगितल्या त्या गौहर जानसारखी. नाशिकला आणता आलं तर माझी खोली तुमचीच आहे, पैसे नकोत.

निशिगंधताई, तुमचंही पटलं. मी माझ्यापुरतं बोलत होतो.

निशिगंध

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफी असावी.

चौदापैकी नऊ गाणी सापडली. सात गाण्यांखाली गीतकारच नाही, दोनांखाली दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे. पाच कुठेच नाहीत, पण त्यातल्या तिनांच्या कॅसेट घरी निघाल्या. एकीची फीत चिकटली होती, बिट_आणि_बंदिश यांनी ती स्वतः सोडवून दिली आणि आवाज उतरवून दिला. आबांना घेऊन मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते आबांच्या पाया पडले. आबांना कळेना का. मीही सांगितलं नाही.

कागद सापडला! प्रत दिलीच नव्हती असं मी समजत होते, पण सहापैकी एका कॅसेटचा कागद आईने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला होता. कलम५७ यांनी पाहिला. पुढचं ते बघत आहेत.

आयपीआरएसचा अर्ज भरताना नावाच्या रकान्यापाशी अडलो. बँकेच्या पासबुकात आबांचं नाव एक, आधारवर दुसरं, कॅसेटच्या कार्डांवर तर टोपणनावच. मध्यमलहरी काका म्हणाले तसं एकच ठरवायचं होतं. आबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “कॅसेटवरचं लिही. तेच माझ्या आईने वाचलं होतं.” आजी शाळेत गेलेली नव्हती. आबांचं पहिलं कार्ड आल्यावर तिने तेवढी अक्षरं ओळखायला शिकून घेतली होती. मला हे आजवर माहीत नव्हतं.

चुका दुरुस्त करायची पत्रं गाणी सापडली त्या दोन्ही अ‍ॅपना आणि त्या कंपनीला गेली आहेत. एका गाण्याखाली नाव आलंय. एकच, पण आलंय.

आता कार्डांवरची बाकीची नावं तक्त्यात घालते आहे: चाल, ढोलकी, बेंजो, क्लॅरिनेट. कोरसपुढे कार्डावर फक्त ‘आणि साथी’ लिहिलंय. चार बायका होत्या. आबांना तिघींची नावं आठवतात. चौथी काळाचौकीला राहायची म्हणतात, रविवारी तिकडे जाऊन विचारणार आहे.